इटालियन भयपट आणि रक्तरंजित अद्भुत भयकथा : एक विवेचन

प्रास्ताविक

भयकथा हा वाङ्मयप्रकार वाचकप्रिय असूनही महाविद्यालयीन अध्यापनात व समीक्षेत त्याला क्वचितच स्थान मिळते. त्यातही ज्या कथेत अतिमानुष घटनांबरोबर रक्त, जखमा व सडलेली शरीरे यांचे तपशीलवार वर्णन येते, ती कथा सवंग मानून बाजूला ठेवली जाते. ही उपेक्षा सर्वस्वी अनाठायी आहे, असे म्हणता येणार नाही. कारण या प्रकारातील बरेचसे लेखन खरोखरच सामान्य आहे. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इटालियन भयपटांपासून प्रेरणा घेऊन निर्माण झालेल्या कथात्म साहित्याचा विचार करता, या रक्ताला काही वाङ्मयीन कार्य आहे काय, हा प्रश्न टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आपल्या काव्यशास्त्राने या विषयाची मांडणी फार पूर्वी केलेली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक व बीभत्स हे दोन स्वतंत्र रस होत. भयानकाच्या विभावांत विकृत आवाज, घुबडे व कोल्हे, ओसाड घर, अरण्य यांचा समावेश होतो. येथे वस्तू दिसण्यापेक्षा तिची चाहूल महत्त्वाची ठरते. बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा, आणि तेथे वस्तू समोर असावीच लागते. भरत बीभत्साचे प्रकार सांगताना रक्तादिकांपासून उद्भवणारा तो क्षोभज आणि कृमी, विष्ठा इत्यादींपासून उद्भवणारा तो उद्वेगी, असा भेद करतो. त्याच वेळी युद्ध, मरण यांसारख्या घटना अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून सूचित कराव्यात, असा दंडकही तो घालून देतो. रोमन कवी होरेसनेही मीडियाने आपल्या मुलांची हत्या प्रेक्षकांसमोर करू नये, असे बजावले होते. इटालियन भयपटांनी हा दंडक जाणीवपूर्वक मोडला.

साहित्यातून पडद्याकडे

इटलीतील पहिला बोलका भयपट म्हणून रिकार्दो फ्रेदा यांच्या ‘ई व्हाम्पीरी’ (1957) या चित्रपटाचा उल्लेख केला जातो. फ्रेदा चित्रीकरण अर्धवट टाकून गेल्यानंतर छायालेखक मारिओ बाव्हा यांनी तो पूर्ण केला. त्यातील तरुण स्त्रीचा चेहरा एकाच सलग दृश्यात वृद्ध होत जातो. रंगीत प्रसाधन आणि दिव्यांपुढील बदलते रंगीत पडदे यांच्या साहाय्याने कृष्णधवल फितीवर साधलेली ही किमया होती. बाव्हांचे वडील शिल्पकार व चित्रपटांतील विशेष दृश्यांचे तंत्रज्ञ होते, हे लक्षात घेतले म्हणजे पुत्राच्या हस्तकौशल्याचे मूळ कळते.

या परंपरेचा उगम मात्र साहित्यात आहे, ही गोष्ट सहसा विसरली जाते. बाव्हांचा ‘ला मास्केरा देल देमोनिओ’ (1960) हा गोगोलच्या ‘वीय’ या कथेवर सैलपणे बेतलेला आहे. त्याच्या प्रारंभीच चेटकीण ठरविलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावर आतून खिळे असलेला मुखवटा घणाने ठोकला जातो. ब्रिटनमध्ये या चित्रपटाला 1968 पर्यंत परवानगी मिळाली नाही. ‘ई त्रे व्होल्ती देल्ला पाउरा’ (1963) मधील एक कथा अलेक्सेई कॉन्स्तान्तिनोविच टॉलस्टॉय यांच्या रक्तपिपासू कुटुंबाच्या कथेवरून घेतलेली आहे. दारिओ अर्जेंतो यांनी ‘सुस्पिरिया’ (1977) हे नावच डी क्विन्सीच्या 1845 मधील गद्यातून उचलले. दुःखाच्या तीन अधिष्ठात्री स्त्रियांची त्याची कल्पना पुढे अर्जेंतोंच्या तीन चित्रपटांची चौकट बनली. लुचो फुल्ची यांनी लवक्राफ्टचे डनविच हे गाव आणि क्लार्क अॅश्टन स्मिथने कल्पिलेला ‘एबॉनचा ग्रंथ’ आपल्या चित्रपटांत आणला. रहस्यपटांसाठी इटलीत रूढ असलेला ‘जाल्लो’ हा शब्दही ग्रंथव्यवहारातूनच आला. ‘जाल्लो’ म्हणजे पिवळा. मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेने 1929 पासून पिवळ्या मुखपृष्ठांची रहस्यकथांची माला काढली, त्यावरून हे नाव पडले. (नाट्यशास्त्रात पीतवर्ण अद्भुत रसाला दिलेला आहे. हा निव्वळ योगायोग होय. तथापि तो नोंदवल्यावाचून राहवत नाही.)

इटालियन प्रेक्षकाला छिन्न शरीराचे दृश्य नवे नव्हते, हेही येथे सांगावयास हवे. तबकात स्वतःचे डोळे घेऊन उभी असलेली संत लुचिया तेथील चर्चमधून शतकानुशतके चितारली गेली आहे. मिलानच्या कॅथीड्रलमध्ये मार्को द’आग्राते याने 1562 मध्ये घडविलेला संत बार्थोलोम्यूचा पुतळा आहे. सोललेली स्वतःची त्वचा त्याने उपरण्यासारखी अंगावर घेतलेली आहे. ज्या संस्कृतीत यातनामय शरीर हे श्रद्धेचे आलंबन होते, तेथे ते भयाचे आलंबन होणे फारसे दूर नव्हते. फरक इतकाच, की हुतात्म्याच्या वेदनेला अर्थ असतो. भयपटातील बळीच्या वेदनेला तो नसतो. पुढील सर्व विवेचन या फरकावर आधारलेले आहे.

स्वप्नाचे तर्कशास्त्र

‘सुस्पिरिया’चे कथानक चार ओळींत संपते. जर्मनीतील नृत्यशाळेत एक अमेरिकन विद्यार्थिनी येते आणि ती शाळा चेटकिणींच्या ताब्यात असल्याचे तिला आढळते. या सामान्य कथेला असामान्य करणारी गोष्ट तिच्या रंगांत आहे. छायालेखक लुचानो तोव्होली यांनी टेक्निकलरची त्या काळी मागे पडलेली छपाईपद्धती वापरून लाल, निळा व हिरवा हे रंग वास्तवात कधीच दिसत नाहीत इतके गडद केले. नायिका मुळात लहान मुली असाव्यात, असा अर्जेंतोंचा विचार होता. निर्मात्यांनी तो नाकारल्यावर त्यांनी नटींची वये वाढविली. परंतु संवाद बालिशच ठेवले आणि दारांच्या मुठी उंचावर बसविल्या, जेणेकरून प्रौढ स्त्रियाही दारापुढे लहान भासाव्यात. प्रेक्षकाला मूठ उंच असल्याचे कळत नाही, फक्त काहीतरी बिनसल्याचे जाणवते. भयनिर्मितीचे याहून बोलके उदाहरण वर्गात देता येणे कठीण आहे.

फुल्ची यांनी याच मार्गाचा शेवट गाठला. त्यांच्या ‘लाल्दिला’ (1981) या चित्रपटाच्या नावाचा अर्थ ‘पलीकडचे जग’ असा आहे. 1927 मध्ये लुइझियानातील एका हॉटेलात जमाव एका चित्रकाराला चेटक्या ठरवून ठार मारतो आणि त्याच्यावर चुनकळी ओततो. पुढे ते हॉटेल एका तरुणीकडे वारसाहक्काने येते, आणि ते नरकाच्या सात द्वारांपैकी एकावर उभे असल्याचे उघड होते. येथपर्यंत कथा परिचित वाटते. त्यानंतर मात्र घटनांना कारणे उरत नाहीत. ग्रंथालयात शिडीवरून पडून जायबंदी झालेल्या माणसाचा चेहरा कोळी कुरतडतात. कोळी कोठून आले, हे कोणी सांगत नाही. शेवटी नायक-नायिका इस्पितळाचा जिना उतरतात आणि दूरच्या त्या हॉटेलच्या तळघरात पोहोचतात. तेथून पुढे पाऊल टाकताच ती दोघे त्या मृत चित्रकाराच्या चित्रातील ओसाड प्रदेशात उभी असतात. मागे वळून पाहावे तर मागेही तोच प्रदेश दिसतो, आणि त्यांचे डोळे पांढरे पडलेले असतात.

समकालीन समीक्षकांपैकी अनेकांनी याला पटकथेचा ढिसाळपणा म्हटले. त्यात तथ्य आहेच. कमी खर्चात, घाईने, परदेशी बाजारपेठ डोळ्यांपुढे ठेवून हे चित्रपट निघत. दिग्दर्शक इंग्रजी टोपणनावे घेत. नट वेगवेगळ्या भाषांत बोलत आणि सर्वांचे आवाज मागाहून भरले जात. परंतु या अडचणींतूनच एक शैली सिद्ध झाली. ओठ आणि आवाज यांची किंचित फारकत झाली, की माणूस जिवंत असूनही परका वाटू लागतो. कारण आणि कार्य यांची फारकत झाली, की सारे जगच तसे वाटू लागते. रक्ताचे कार्य येथे स्पष्ट होते : जगाचा नियम मोडल्याची खूण म्हणून ते शरीरावर उमटते. भरताच्या परिभाषेत अर्जेंतोंचा बीभत्स क्षोभज आहे, तर फुल्चींचा उद्वेगी. ‘पाउरा नेल्ला चित्ता देई मोर्ती व्हिव्हेंती’ (1980) मध्ये बंद खोलीच्या खिडकीतून अळ्यांचा अक्षरशः पाऊस येतो.

मराठी वाचकाला येथे नारायण धारप यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. अमानुष शक्तीचा शिरकाव धारपही समर्थपणे रंगवितात. परंतु त्यांच्या अनेक कथांत ‘समर्थ’ येतात, शक्तीला शक्ती भेटते आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसते. फुल्चींच्या जगात समर्थ नाहीत.

पडद्यावरून पुन्हा शब्दाकडे

चित्रपटांकडून साहित्याकडे झालेल्या परतीच्या प्रवासाचे सर्वांत ठळक उदाहरण तित्सियानो स्क्लावी यांच्या लेखनात आढळते. त्यांनी निर्माण केलेली ‘डिलन डॉग’ ही चित्रकथामाला ऑक्टोबर 1986 मध्ये सुरू झाली. तिचा नायक लंडनमध्ये राहणारा ‘दुःस्वप्नांचा अन्वेषक’ असून त्याच्या दारावरची घंटा किंकाळी फोडते. पहिल्याच अंकाचे शीर्षक अमेरिकन दिग्दर्शक रोमेरो यांच्या जिवंत प्रेतांच्या चित्रपटांची आठवण करून देणारे आहे. रोमेरोंच्या 1978 च्या चित्रपटाच्या निर्मितीत अर्जेंतो सहभागी होते. इटलीत तो ‘झॉम्बी’ या नावाने प्रदर्शित झाला, आणि त्या यशावर स्वार होण्यासाठीच फुल्चींच्या चित्रपटाला ‘झॉम्बी 2’ (1979) हे नाव देण्यात आले. प्रेरणांची ही देवघेव इतकी गुंतागुंतीची आहे की मूळ आणि अनुकरण हे शब्द येथे अपुरे पडतात. उम्बेर्तो एको यांच्यासारख्या चिन्हमीमांसकाने या चित्रकथांचे मनःपूर्वक कौतुक केले होते, हे साशंक अध्यापकांनी ध्यानात घ्यावे.

स्क्लावींची ‘देल्लामोर्ते देल्लामोरे’ ही कादंबरी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. अर्जेंतोंचे सहायक राहिलेल्या मिकेले सोआवी यांनी 1994 मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. नायक एका लहान गावच्या दफनभूमीचा रखवालदार आहे. पुरलेली माणसे काही दिवसांनी उठतात आणि त्यांना डोक्यात गोळी घालून पुन्हा पुरणे, हा त्याच्या नोकरीचा भाग होऊन बसला आहे. भयाचे येथे कारकुनी काम झाले आहे. तक्रार करावी तर अर्ज भरावे लागतील, त्यापेक्षा गोळी घालणे सोपे, अशी त्याची वृत्ती. हळूहळू जिवंत कोण आणि मृत कोण, हा भेदच त्याच्या लेखी पुसट होतो. चित्रपटाच्या अखेरीस तो गाव सोडून निघतो, तेव्हा रस्ता कड्यापाशी संपतो. पलीकडे जग नाही. ‘लाल्दिला’च्या अंतिम दृश्याचे हे भावंड आहे, मात्र त्यात विनोद आणि विषाद यांची भर पडली आहे.

या प्रकारात लिहू पाहणाऱ्यांची खरी अडचण तंत्राची आहे. ‘झॉम्बी 2’ मध्ये एका स्त्रीचा डोळा लाकडाच्या ढलपीकडे हळूहळू ओढला जातो आणि कॅमेरा नजर हटवत नाही. बुन्युएलच्या 1929 च्या लघुपटातील वस्तरा क्षणात फिरतो. फुल्ची मात्र प्रेक्षकाला थांबवून ठेवतात. प्रेक्षक डोळे मिटू शकतो. वाचकाला ती सोय नाही, कारण दृश्य त्याच्याच मनात तयार होत असते. तो केवळ पुस्तक मिटू शकतो. दुबळा लेखक येथे ‘भयंकर’, ‘किळसवाणे’, ‘अमानुष’ अशी विशेषणे रचतो आणि प्रत्येक विशेषणागणिक वाचक दृश्यापासून एक पाऊल दूर जातो. जाणता लेखक विशेषणे टाळून क्रम सांभाळतो : ढलपीची लांबी, तिच्यावरील तंतू, पापणीची हालचाल. शल्यविशारदाच्या टिपणासारखी ही निर्विकार भाषा कॅमेऱ्याच्या स्थिर नजरेची जागा घेते. कारणांच्या बाबतीतही हेच. चित्रपटात एका जिन्यावरून दुसऱ्या इमारतीत जाणे हा एक छेद असतो. गद्यात ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ ही अव्यये मुकाट्याने गाळून वाक्यांमागे वाक्ये ठेवावी लागतात.

एका आक्षेपाविषयी

या परंपरेवरील सर्वांत गंभीर आक्षेप रक्ताविषयी नसून ते कोणाचे सांडते याविषयी आहे. अर्जेंतो आणि बाव्हा यांच्या चित्रपटांत मरण्याचे दृश्य सर्वाधिक सजविले जाते ते तरुण स्त्रीचे. सौंदर्यशास्त्राची कितीही ढाल पुढे केली तरी हे वास्तव लपत नाही, आणि लपवूही नये. पडद्यावरील हिंसा खरी की खोटी हा प्रश्नही न्यायालयापर्यंत गेला. फुल्चींच्या 1971 च्या एका चित्रपटातील चिरलेले कुत्रे बनावट आहेत, हे पटविण्यासाठी कार्लो राम्बाल्दी यांना ते बाहुले न्यायालयात दाखवावे लागले. रुजेरो देओदातो यांच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ (1980) मध्ये मात्र प्राणी खरोखरच मारले गेले, आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये ध्वनिचित्रफितींवर नियंत्रण आणणारा 1984 चा कायदा झाला, तेव्हा आक्षेपार्ह ठरविलेल्या चित्रपटांच्या यादीत अर्जेंतो, फुल्ची आणि देओदातो या तिघांचेही चित्रपट होते.

शब्दांतील कथेत कोणाच्याही शरीराला इजा होत नाही. तरीही पाहणाऱ्याची नजर कथेत शिल्लक राहतेच. पीटर स्ट्रिकलंड यांच्या ‘बर्बेरियन साउंड स्टुडिओ’ (2012) या चित्रपटाने या नजरेलाच विषय केले. एक इंग्रज ध्वनितंत्रज्ञ इटलीत एका भयपटाचे ध्वनी तयार करावयास येतो. तो भयपट, शीर्षकाचा भाग सोडला तर, आपल्याला एकदाही दिसत नाही. दिसतात ती फोडली जाणारी कलिंगडे, चिरले जाणारे कोबी आणि ध्वनिरोधक काचेआड किंकाळ्या मारून घसा बसलेल्या नट्या. दिवस उलटतात तशी भाजी टेबलावरच कुजत जाते, आणि तंत्रज्ञ पडद्यावरील दृश्याकडे पाहत सुरी पुन्हा हातात घेतो.