रुईच्या पानावरचे दोन मिलिमीटर

कीटकाचे अगदी जवळून काढलेले छायाचित्र पाहिले, की आपण कॅमेऱ्याचे कौतुक करतो. छायाचित्रकाराला विचारावे, तर तो वाट पाहण्याविषयी सांगतो. ही वाट नेमकी कशाची पाहायची असते?

प्रथम प्रकाशशास्त्र पाहू. ३५ मि.मी. फिल्मवर किंवा तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर कीटकाची प्रतिमा त्याच्या मूळ आकाराएवढी, म्हणजे १:१ घ्यायची आहे असे समजा. भिंगाचे छिद्र एफ ८ ठेवले, तर समोरचा जेमतेम १ मि.मी. जाडीचा थर स्पष्ट येतो. छिद्र लहान करून एफ १६ केले, तर हा थर सुमारे २ मि.मी. होतो; पण आत येणारा प्रकाश एक चतुर्थांशच उरतो. मग प्रकाश जास्त वेळ आत घ्यावा लागतो आणि तेवढ्यात पान हलते. साध्या झुळकेनेही पान दोन मिलिमीटरपेक्षा अधिक सरकते. म्हणून पहिली वाट पाहायची ती वारा पडण्याची.

दुसरी वाट कीटकाची. कीटकाच्या शरीराचे तापमान बरेचसे भोवतालच्या तापमानावर अवलंबून असते. थंडीतल्या सकाळी फुलपाखराचे उड्डाणाचे स्नायू गार असतात. ऊन लागून ते पुरेसे तापेपर्यंत त्याला उडता येत नाही. सूर्योदयाच्या सुमारास वाराही बहुधा शांत असतो. त्यामुळे हीच वेळ सोयीची.

येथे एक आडवाट आहे आणि आम्हीही एकदा तिने गेलो. रुईवर वाढणारे ‘प्लेन टायगर’ हे नारिंगी फुलपाखरू आम्ही डबीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवले, मग पानावर ठेवून छायाचित्र घेतले. छायाचित्र अतिशय स्पष्ट आले. पुढे मंगरूळपीर (जि. वाशीम) येथील एका शाळेत आम्ही ते ‘रुईवर विसावलेले फुलपाखरू’ म्हणून दाखवले. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, त्यानं पान पायांनी धरलेलं का नाही?”

आम्ही पुन्हा पाहिले. पाय आखडलेले होते, पंख एका बाजूला कलले होते. विसावलेले फुलपाखरू पंख पाठीवर मिटून, पान घट्ट धरून बसते. आमचे छायाचित्र स्पष्ट होते, पण त्यातली माहिती खोटी होती. वर्गासमोर तसे सांगणे भाग पडले. सांगताना संकोच वाटला. पण न सांगता निघालो असतो, तर चाळीस मुलांनी चूक खरी मानली असती.

त्या मुलीच्या शेताच्या धुऱ्यावर रुई होती आणि पानाखाली एक हिरवा कोष लटकलेला होता. प्लेन टायगरचे अंडे साधारण तीन ते पाच दिवसांत फुटते. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी रुईची पाने खाऊन वाढते. त्यानंतरची कोषावस्था हवामानानुसार आठवडा-दीड आठवडा चालते. शेवटी कोषाचे कवच पारदर्शक होते आणि आतले नारिंगी पंख दिसू लागतात.

आम्ही तीन सकाळी कॅमेरा लावून बसलो. तिसऱ्या दिवशी पंख दिसत होते. तरीही अजून वेळ आहे असे समजून आम्ही चहाला गेलो. परतलो तेव्हा रिकाम्या कवचाला फुलपाखरू लटकत होते. मुलगी मात्र जागची हलली नव्हती. तिच्या वहीत लिहिलेले होते: “७.५० कवच फुटले. ७.५१ बाहेर आले. पंख चुरगळलेले. ८.०२ पंख पूर्ण उघडले.” पोटाकडून येणारा द्रव शिरांत भरल्याने पंख असे ताणले जातात, नंतर ते वाळून कडक व्हायला तासभर किंवा अधिक वेळ लागतो. आमच्याजवळ त्या बारा मिनिटांचे एकही छायाचित्र नाही. त्यांची नोंद आहे, ती तिची.

शाळेत हा उपक्रम सहज करता येईल. रुईचे एक झाड निवडावे. पहिला आठवडा कॅमेरा किंवा मोबाइल बाहेर काढूच नये. मुलांनी ठरलेल्या वेळी जाऊन वारा, ऊन, पानाखालची अंडी, अळीने खाल्लेला भाग यांची नोंद करावी. मग कोणता क्षण कधी येईल याचा अंदाज मुलांनीच बांधावा आणि त्या वेळी छायाचित्र घ्यावे. कीटकाला हात लावू नये, पान तोडू नये. प्रत्येक छायाचित्राखाली तारीख, वेळ आणि ते कसे घेतले हे लिहावे. अंदाज चुकला, तर तोही वहीत ठेवावा.