विश्लेषण : ‘अंडररेटेड’ की ‘ओव्हररेटेड’? क्रिकेटपटूची सरासरी किती खरे सांगते?

अमुक खेळाडू उगाच डोक्यावर घेतला गेला, तमक्यावर अन्याय झाला… क्रिकेटवरील गप्पा या दोन वाक्यांशिवाय पूर्ण होत नाहीत. दोन्ही बाजूंकडे आकडेवारी असते आणि बहुतेकदा ती खरीही असते. तरीही वाद मिटत नाही. असे का होते? विनोद कांबळी, चेतेश्वर पुजारा आणि पद्माकर शिवलकर या तिघांच्या कारकीर्दीतून त्याचे उत्तर मिळू शकते.

सरासरी कशी काढतात?

एकूण धावांना फलंदाज किती वेळा बाद झाला, त्या संख्येने भागले की फलंदाजीची सरासरी मिळते. डाव किती खेळला याने भागत नाहीत. त्यामुळे नाबाद खेळ्यांमुळे सरासरी वाढते. दुसरे म्हणजे, सामने कमी असतील तर दोन-तीन मोठ्या खेळ्या संपूर्ण आकडा वर खेचतात. समोर गोलंदाज कोण होते, खेळपट्टी कशी होती, संघ कोणत्या अवस्थेत होता, यातले काहीच या भागाकारात येत नाही.

कांबळीबाबत नेमका वाद काय?

कांबळीने १७ कसोटींत १,०८४ धावा केल्या. सरासरी ५४.२०. सचिन तेंडुलकरची कसोटी सरासरी ५३.७८ आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘कांबळीवर अन्याय झाला’ हे पटते. पण हीच कारकीर्द दोन भागांत पाहिली तर चित्र बदलते. पहिल्या ७ कसोटींत त्याने ७९३ धावा केल्या, त्याही ११३.२९ च्या सरासरीने. इंग्लंडविरुद्ध २२४ आणि झिम्बाब्वेविरुद्ध २२७ या लागोपाठच्या दोन द्विशतकांचा त्यात समावेश होता. उरलेल्या १० कसोटींत मात्र २९१ धावा झाल्या आणि सरासरी २२ च्या आसपास राहिली.

म्हणजे ५४ ही सरासरी कांबळीच्या कोणत्याच टप्प्याचे वर्णन करत नाही. ती दोन अगदी वेगळ्या टप्प्यांची गोळाबेरीज आहे. मात्र नाण्याची दुसरी बाजूही आहे. अखेरची कसोटी खेळला तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. १० कसोटींतील अपयश हा उतरता काळ होता की कच्चे दुवे दुरुस्त करण्याचा काळ, हे ठरण्याइतके सामने त्याला पुढे मिळालेच नाहीत.

पुजाराचे मोल आकड्यात का दिसत नाही?

२०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पुजाराने ८ डावांत २७१ धावा केल्या. सरासरी ३३.८७, म्हणजे साधारणच. संथ खेळाबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. पण या धावांसाठी त्याने ९२८ चेंडू खेळून काढले. भारताकडून त्या मालिकेत सर्वाधिक चेंडू त्यानेच खेळले. ब्रिस्बेनच्या अखेरच्या दिवशी अंगावर चेंडू झेलत त्याने २११ चेंडूंत ५६ धावा केल्या. त्याने एक टोक धरून ठेवल्यामुळे शुभमन गिल (९१) आणि ऋषभ पंत (नाबाद ८९) यांना मोकळेपणाने खेळता आले. भारताने ३२८ धावांचे लक्ष्य गाठून मालिका जिंकली. धावफलकावर पुजाराच्या नावापुढे ५६ च धावा लागल्या. त्याने थोपवलेल्या चेंडूंचा फायदा इतरांच्या खात्यात जमा झाला.

संधीच न मिळालेल्यांचे काय?

मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत १९.६९ च्या सरासरीने ५८९ बळी घेतले. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईत तमिळनाडूविरुद्ध त्यांची कामगिरी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी अशी होती. तरीही ते एकही कसोटी खेळले नाहीत. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांनी रणजीत विक्रमी ६३७ बळी घेतले. तेही कसोटीपासून वंचितच राहिले.

कारण एकच. त्याच शैलीचे बिशनसिंग बेदी संघात होते आणि त्यांनी ६७ कसोटींत २६६ बळी घेतले. प्रथम श्रेणीत बेदींची सरासरी २१.६९ आहे. म्हणजे शिवलकर सरस होते का? तसे थेट म्हणता येत नाही, कारण बेदींच्या आकड्यात परदेशातील कसोटींचाही समावेश आहे. बेदी ‘ओव्हररेटेड’ नव्हते आणि शिवलकर कमी नव्हते. जागा एकच होती. सुनील गावसकर यांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात शिवलकर आणि गोयल या दोघांनाही स्थान दिले. २०१७ मध्ये ‘बीसीसीआय’ने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. कसोटीची टोपी मात्र दोघांनाही मिळाली नाही.

मग तुलना करायची कशी?

सरासरी पाहताना चार प्रश्न विचारले तर बराच गोंधळ कमी होतो. सामने किती? मायदेशात किती आणि परदेशात किती? प्रतिस्पर्धी कोण? आणि संघाने खेळाडूला कोणते काम दिले होते? पुजाराला पंतच्या आणि पंतला पुजाराच्या मापाने मोजले, तर दोघेही कमी भरतील.

हा वाद केवळ गप्पांपुरता नसतो. खेळाडूबद्दलचे मत पक्के झाले की पुढच्या अपयशानंतर एकाला आणखी चार सामने मिळतात आणि दुसऱ्याला वगळले जाते. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा करूनही अमोल मुझुमदार भारताकडून एकही सामना खेळला नाही, कारण तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण यांच्या काळात मधल्या फळीत जागाच नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक तोच होता.