राउटर कपाटामागे, सून माडीवर

बारामतीतलं आमचं घर जुनं, भिंती हातभर जाड. सून माडीवर बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. १०० एमबीपीएसचं कनेक्शन, तरी मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटायचा. "आई, असंच चाललं तर पुण्यात खोली घ्यावी लागेल," ती म्हणाली आणि माझ्या पोटात गोळाच आला. नातू अवघा दोन वर्षांचा!

मी आणखी महागडा प्लॅन घ्यायला निघाले होते. इंदापूरचा भाचा म्हणाला, "थांब मावशी, आधी मोजू." मोबाईलवर राउटरजवळ वेग ९४, माडीवर ६! म्हणजे कनेक्शन चोख, वाटच अडलेली. आणि राउटर कुठे? लोखंडी कपाटामागे. दिसायला बरा नाही म्हणून मीच दडवलेला!

मैत्रिणींनो, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतं. २.४ चं लांब पोचतं, वेग मात्र कमी. साधा रिपीटर स्वस्त पडतो, पण त्याच्यापर्यंत पोचतो तेवढाच सिग्नल पुढे ढकलतो. म्हणून जिन्यातून लॅनची वायर नेऊन माडीवर दुसरा राउटर बसवला.

भिंतीवर वायर दिसते खरी. पाहुणे विचारतात, विचारू देत. सकाळी नऊला सून माडीवर, नातू माझ्या कडेवर.