पत्त्यांच्या खोलींतील मिळकत

पत्ते खेळून पैसा मिळतो काय, असा प्रश्न घरांत कोणी केलाच तर वडील माणसें धर्मराजाची कथा सांगून तो तेथेंच मिटवितात. कथेचा धाक योग्यच आहे. परंतु आज कितीतरी मराठी कुटुंबांतील मुलें नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियांत राहतात. तेथील सॅन होझे शहरांत पत्त्यांच्या दोन मोठ्या खोल्या सरकारी परवान्यानें राजरोस चालतात. आणि 'हा जुगार नव्हे, हिशेब आहे' असें म्हणणारा बुद्धिमान तरुण आपल्याही घरीं निघण्याचा संभव आहे. त्याला धाक घालून भागणार नाहीं. त्याचा हिशेबच तपासला पाहिजे, आणि तेंच आम्ही येथें करणार आहों.

प्रथम ह्या खोल्यांची व्यवस्था पाहूं. लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिना गांवीं १९३६ सालीं अर्नेस्ट प्रिम ह्यांनीं असा एक अड्डा उघडला आणि पुढें कित्येक वर्षें तें गांव पोकरसाठींच प्रसिद्ध होतें. त्या काळीं हातांतील पानें बदलून घेण्याचा पोकर चाले. १९८७ नंतर 'होल्डम' नांवाच्या प्रकारानें त्याला मागें सारलें. तेथील कायद्याची खुबी अशी कीं, मालकानें डावांत स्वतः पैसा लावावयाचा नाहीं, व जमलेल्या रकमेवर शेंकडेवारीही घ्यावयाची नाहीं. त्यानें घ्यावयाचें तें ठरीव भाडें. म्हणजे येथें शकुनि कोणी नाहीं. आहे तो दिवाणखान्याचा मालक. खेळणारे हरोत वा जिंकोत, त्याचें भाडें चुकत नाहीं.

ह्या खोल्यांतील हलका खेळ म्हणजे 'तीन-सहा'चा. प्रत्येकाच्या हातीं दोन झांकलीं पानें, मेजावर सर्वांच्या समाईक अशीं पांच. पैजेच्या चार फेऱ्या. पहिल्या दोहोंत पैज तीन डॉलरांची, पुढच्या दोहोंत सहांची, अधिक नाहीं. पैजेला अशी मर्यादा असल्यामुळें मोठी रक्कम फेंकून समोरच्याला भिवविण्याची सोयच नाहीं. मध्यें ४८ डॉलर पडले असतां सहा डॉलरांसाठीं कोण माघार घेईल? म्हणून सिनेमांत दिसणारी बतावणी येथें फुकट जाते, आणि जें कौशल्य उरतें तें फार नीरस असतें. पांचसहा डावांतून एखादाच खेळावा, बाकीच्या वेळीं पानें टाकून स्वस्थ बसावें.

तरीही तें कौशल्यच आहे. समजा, चार समाईक पानें उघडलीं असून तुम्हांला बदामाचीं चार पानें जमलीं आहेत. न दिसलेल्या ४६ पानांत बदाम ९. म्हणजे एक वेळ यश तर चार वेळां अपयश. ४८ डॉलरांसाठीं ६ देणें म्हणजे एकास आठ, तेव्हां द्यावे. परंतु शेजारी बसलेल्या गृहस्थांजवळ पंजा, छक्की, अठ्ठी, नव्वी आहे, आणि ते सत्तीची वाट पाहत आहेत. सत्त्या अवघ्या चार. प्रमाण एकास साडेदहा. त्यांनींही हंसतमुखानें सहा डॉलर टाकले, तर दर खेपेस सरासरीनें सव्वा डॉलरहून अधिक त्यांनीं मेजाला दान केला. कुशल खेळाडूची मिळकत ती ह्या दानांतून. २०१५ सालीं आल्बर्टा विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं ह्याच मर्यादित पैजेचा दोघांमधील खेळ गणकयंत्राच्या साहाय्यानें जवळजवळ पूर्ण सोडविला; केवळ दैवाचा खेळ असता तर सोडविण्यासारखें त्यांत काय होतें?

येथवर आपल्या तरुणाचें म्हणणें आम्हांला मान्य आहे. आतां भाडें पाहूं, कारण ह्याच ठिकाणीं त्याची वही सहसा कोरी असते. समजा, मालक दर डावाला पांच डॉलर घेतो आणि तासांत ३५ डाव होतात. म्हणजे मेजावरून ताशीं १७५ डॉलर उचलले गेले. नऊ जणांत वांटले तर माणशीं एकोणीस. पानें वांटणाऱ्यास जिंकलेल्या डावामागें एक डॉलर बक्षीस देण्याचा प्रघात आहे. त्याचे आणखी चार. म्हणजे तेवीस डॉलर ताशीं, जवळजवळ चार मोठ्या पैजा, केवळ खुर्चीचें मोल! मेजावरील नवांचेही नव खेळाडू सारख्याच तोडीचे असले तर सगळेच हरणार. तेवढें भरून काढून वर ताशीं एक मोठी पैज, म्हणजे सहा डॉलर, ज्यास उरते तो उत्तम खेळाडू गणला जातो. त्याच कॅलिफोर्नियांत २०२५ सालीं कायद्यानें ठरविलेली किमान मजुरी ताशीं साडेसोळा डॉलर होती.

आणि तो उत्तम आहे हें तरी कळावें कसें? ह्या खेळांतील चढउतार ताशीं सुमारें दहा मोठ्या पैजांचा असतो. शंभर तासांत तो शंभर पैजांवर जातो. शंभर तासांची अपेक्षित मिळकतही शंभरच पैजांची. त्यामुळें इतकें खेळूनही असे सहा उत्तम खेळाडू घेतले तर त्यांतील एक तोट्यांत असावयाचा. उलट, ज्यांना ना नफा ना तोटा अशा सहांपैकीं एकजण ६०० डॉलरांहून अधिक जिंकून आपण निष्णात झालों अशा समजुतींत वावरावयाचा! शंका फिटण्यास नऊशें तास तरी हवेत. शनिवार-रविवार चार चार तास बसणाऱ्याला ते भरावयास दोन वर्षांहून अधिक लागतात.

तेव्हां घरांतील तरुणानें ह्या कमाईची गोष्ट काढली तर त्याची वही मागावी. तींत नुसता जिंकलेला पैसा नको. बसल्याचे तास, दिलेलें बक्षीस, जाण्यायेण्याचा व जेवणाचा खर्च आणि हरलेले दिवस, हें सर्व तारीखवार हवें. अशी वही चोख ठेवणारे फार थोडे. आणि जे ठेवतात, त्यांतले बरेचजण शंभर तासांच्या आंतच खेळ सोडून दुसऱ्या उद्योगाला लागतात, असा आमचा तर्क आहे.