नेम गालापासून सुरू होतो

स्वप्नील कुसळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं, तेव्हा एका वाचकाने विचारलं होतं, रायफलच्या दस्त्यावर तो वरखाली होणारा तुकडा कशासाठी? त्याला चीकपीस म्हणतात. गाल टेकवायची ती जागा. माझ्या मते तो साइटचाच एक भाग आहे.

हिशेब मांडून पाहू. डोळ्याजवळची साइट आणि नळीच्या टोकाची साइट यांत साधारण पाऊण मीटर अंतर. दोन्ही जुळवताना 0.1 मिलिमीटर चुकलं, तर 50 मीटरवर गोळी जवळजवळ 7 मिलिमीटर सरकते. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे 10.4 मिलिमीटर! म्हणून डोळा दर वेळी नेमका त्याच जागी यायला हवा. डोकं नुसत्या मानेच्या जोरावर धरलं तर स्नायू थकतात. गालाचं हाड टेकलं की डोकं स्थिरावतं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्हींत डोक्याचा कल वेगळा, म्हणून चीकपीसची उंचीही बदलावी लागते.

दुसऱ्या महायुद्धातली एक युक्ती मला फार आवडते. अमेरिकेच्या गॅरंड रायफलमध्ये आठ गोळ्यांची क्लिप वरून भरायची. दुर्बीण मध्यावर बसवली तर ती वाटच बंद! म्हणून दुर्बीण डावीकडे सरकवली आणि दस्त्याला चामड्याची गादी नाडीने बांधून सैनिकाचा चेहराही डावीकडे नेला.

असा तुकडा घरीही बनतो. बोल्ट उघडा, रायफल रिकामी असल्याची खात्री करा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल सहज टेकवा, मग डोळे उघडा. पुढची साइट मागच्या भोकाच्या मधोमध दिसली तर उंची बरोबर. डोळा खाली राहत असेल तर फोमचा एकेक पातळ थर चढवत जा. उंची ठरली की त्याच मापाचं लाकूड घासून चामडं चढवा. बोल्ट मागे काढताना अडणार नाही एवढी खाच मात्र ठेवा, नाहीतर सफाईच्या वेळी सगळं सोडवावं लागेल.

महागड्या चीकपीसची जाहिरात काहीही सांगो, काम उंचीचं आहे, किमतीचं नाही. मुलांना नवी रायफल घेऊन देण्याआधी पालकांनी प्रशिक्षकासमोर ही डोळे मिटून करायची चाचणी जरूर करून घ्यावी.