घोडा पोसावयाचा तर

दर वर्षी मार्गशीर्ष महिन्यात नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. शेजारच्या परभणी जिल्ह्यातूनही पुष्कळ लोक तेथे जातात. ह्या यात्रेतील घोड्यांचा बाजार विशेष प्रसिद्ध आहे. घोड्याची चाल आणि आयाळ पाहून मन मोहून जाते व कोणीही सहज विचारतो, "किंमत काय?" परंतु मुलांनो, ही किंमत एकदाच द्यावयाची असते. तिच्यामागून येणारा खर्च मात्र घोडा जिवंत असेतो थांबत नाही.

प्रथम चाऱ्याचा हिशेब करू. घोड्याला त्याच्या १०० किलो वजनामागे रोज सुमारे २ किलो कोरडा आहार लागतो. म्हणजे ३०० किलो वजनाच्या लहानशा घोड्यालाही रोज ६ किलो, अर्थात वर्षाला सुमारे २२ क्विंटल चारा व खुराक हवा. परभणीच्या काळ्या जमिनीत ज्वारी पिकते, त्यामुळे कडबा मिळतो. पण पाऊस कमी पडला की कडब्याचा भाव चढतो. घोड्याची भूक मात्र तेवढीच राहते. शिवाय बैलाप्रमाणे घोडा रवंथ करीत नाही. म्हणून नुसत्या कडब्यावर त्याचे भागत नाही. त्याला चांगले गवत आणि थोडे धान्यही द्यावे लागते.

घोड्याचे जठर लहान असते, आणि खाल्लेले त्याला ओकून टाकता येत नाही. बुरसटलेला चारा किंवा एकदम दिलेला जास्त खुराक यांमुळे त्याला पोटशूळ होतो व तो काही तासांत दगावूही शकतो. म्हणून त्याला दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे खाऊ घालावे लागते. पाणी रोज २५ ते ३० लिटर लागते. वैशाखातील उन्हात त्याहूनही अधिक. खरारा करणे, लीद काढणे, त्याला फिरवून आणणे ही कामेही रोजचीच. मालकास सवड नसेल, तर मोतद्दार ठेवून त्यास पगार द्यावा लागतो.

आपल्या नखांप्रमाणे घोड्याचे खूर सतत वाढतात. त्यामुळे दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलावून खूर तासून घ्यावे लागतात व नाल बदलावे लागतात. धनुर्वाताची लस, जंतांचे औषध आणि पशुवैद्याची तपासणी यांसाठीही पैसा बाजूला ठेवावा लागतो.

आता मिळकतीकडे पाहू. आज आपल्या भागात वरातीसाठी घोडा भाड्याने देऊन काही कुटुंबे पोट भरतात. परंतु आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत लग्ने सहसा होत नाहीत. ह्या चार महिन्यांत मिळकत बंद असली, तरी घोडा सात क्विंटलांहून अधिक चारा खातो. ज्याने लग्नसराईत पैसा राखून ठेवला नाही, त्याच्यापुढे कर्ज काढणे किंवा घोड्याला अर्धपोटी ठेवणे एवढेच मार्ग उरतात. आणि ह्या दुसऱ्या मार्गाने गेल्यास मुक्या प्राण्याचे हाल होतात. १९६० च्या कायद्यानुसार पाळीव प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हाही आहे.

हा खर्च किती मोठा असतो, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. दोघेही स्वारच, पण घोडा कोणी पोसावयाचा, ह्यावरून त्यांची नावे वेगळी झाली.

चांगली निगा राखल्यास घोडा २५ ते ३० वर्षे जगतो. उतारवयात त्याच्याने काम होत नाही, तरी त्याचे खाणे चालूच राहते. तरुणपणी त्याच्या पाठीवर बसून जे कमावले, त्यातूनच त्याचे म्हातारपण पोसावयाचे असते. म्हणून बाजारात घोड्याची किंमत विचारण्यापूर्वी, इतकी वर्षे आपण त्याला पोटभर घालू शकू काय, हा प्रश्न प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावा.