हाजी मलंग दर्ग्याची वहिवाट
कल्याणनजीकच्या मलंगगडावरील हाजी मलंग दर्ग्याची वहिवाट केतकर या ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वहिवाट म्हणजे मालकी नव्हे. परंतु व्यवस्था दीर्घकाळ एका हाती राहिली, की हा भेद पुसट होतो. मग वाद न्यायालयात जातो. या संमिश्र स्थानास केवळ हिंदू वा मुस्लिम कायदा लागू पडत नाही; त्याची रूढी आणि न्यासांचा सर्वसाधारण कायदाच प्रमाण होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये म्हटले. १९६८ मध्ये वाद जमिनीचा होता. वहिवाटदार ती आपली म्हणत होते. मात्र दर्ग्याच्या उत्पन्नाचे हिशेब त्यांनी हजर केले नाहीत. पुराव्याचा भार नसला, तरी ताब्यातील महत्त्वाचे कागद दडवणाऱ्याविरुद्ध अनुमान काढता येते, असे सांगून न्यायालयाने जमीन दर्ग्याची ठरवली.